जुना मल्ल की नवा मल्ल?

गजानन महाराज मंदिराच्या चौकातून पुंडलिकनगरच्या रस्त्याला लागले की चहाच्या टपऱ्या सुरू होतात. त्यांतल्या एका टपरीवर संध्याकाळी पाच-सात माणसे नेमाने बसतात. मीही त्यांतलाच. पाऊसपाणी, कापसाचा भाव, पोरांच्या परीक्षा, सगळे विषय तिथे निघतात. पण वाद रंगतो तो कुस्तीवर. कारण बैठकीतले एक आबा निलंग्याकडचे. तरुणपणी जत्रेच्या फडात त्यांनी नारळाच्या कुस्तीपासून मानाच्या कुस्तीपर्यंत मजल मारलेली. त्यांचा नातू इथेच कॉलेजात शिकतो आणि पहाटे गादीवर, म्हणजे मॅटवर, सराव करतो.

एके दिवशी आबा म्हणाले, "आमचा हरिश्चंद्र बिराजदार आज ऐन उमेदीत असता, तर तुमच्या ह्या नव्या केसरींपैकी एकजण त्याच्यापुढं पाच मिनिटं टिकला नसता."

नातू म्हणाला, "आबा, पाच मिनिटं लागलीच नसती. तोवर विजय चौधरीनं दहा गुण घेऊन कुस्ती संपवली असती."

"गुण? अरे, कुस्ती पाठ टेकवून जिंकायची असती, बेरीज करून नाही! आणि सहा मिनिटांची कसली कुस्ती? सहा मिनिटांत आम्ही नुसती अंगाला माती लावायचो."

वाद वाढला आणि निवाडा माझ्याकडे आला. "सर, तुम्ही कॉलेजात तर्कशास्त्र शिकवता. तुम्हीच सांगा." वडीलधाऱ्याचा मान राखावा म्हणून मी म्हणालो, "जुनं ते सोनं." सगळे हसले. नातू मात्र चहाचा पेला तसाच ठेवून उठून गेला. पुढे आठ दिवस तो सरावालाही गेला नाही, असे मला नंतर कळले. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की तर्कशास्त्राचा मास्तर असून मी निवाडा तर्काने दिलाच नव्हता. एक म्हण फेकून मोकळा झालो होतो. आज तोच प्रश्न मी तुमच्यापुढे नीट मांडणार आहे. वेगवेगळ्या काळांतल्या दोन मल्लांची तुलना करता येते का? येत असेल तर कशी करावी?

हा वाद आपल्याकडेच होतो असे नाही, बरे का. अमेरिकेत मुष्टियुद्धाच्या शौकिनांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जॅक डेम्प्सी मोठा, जो लुई मोठा, रॉकी मार्सियानो मोठा, की महंमद अली मोठा? १९६७ साली मरे वोरोनर नावाच्या एका गृहस्थाने ह्या वादाचा निकाल यंत्राकडून लावून घ्यायचे ठरवले. निरनिराळ्या काळांतल्या सोळा वजनदार मुष्टियोद्ध्यांची माहिती त्याने संगणकाला पुरवली, यंत्राने लढतींचे निकाल दिले, आणि त्या काल्पनिक लढतींचे धावते वर्णन रेडिओवरून लोकांना ऐकवले. लोक कानात प्राण आणून ऐकत होते. अंतिम लढतीत मार्सियानोने डेम्प्सीला हरवले असा निकाल आला. अलीला तर यंत्राने त्याआधीच जेम्स जेफ्रीजकडून हरवले होते. अलीने चिडून खटला भरला. पुढे तडजोड झाली, आणि अली व मार्सियानो ह्यांना समोरासमोर उभे करून त्यांच्या काल्पनिक लढतीचा चित्रपटच काढण्यात आला. चित्रण झाले १९६९ साली. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर मार्सियानो विमान अपघातात दगावला. स्वतः जिंकला की हरला हे त्याला पडद्यावर पाहायला मिळालेच नाही. जानेवारी १९७० मध्ये चित्रपट लागला, तेव्हा अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी मार्सियानोला तेराव्या फेरीत जिंकताना पाहिले. युरोपात दाखवलेल्या प्रतीत मात्र अली जिंकला होता.

म्हणजे काय झाले? यंत्र बापडे खोटे बोलले नाही. पण त्याला काय खायला घालायचे आणि शेवट कोणता दाखवायचा, हे माणसांनीच ठरवले होते. जात्यात जे दळण घालावे त्याचेच पीठ पडणार.

आता आपल्या टपरीवरचा नेहमीचा युक्तिवाद घ्या. "अमक्याने तमक्याला पाडले. तमक्याने फलाण्याला पाडले. म्हणून अमका फलाण्याला पाडणारच." गणितात हे खरे आहे. पाच हे तिनापेक्षा मोठे आणि तीन हे दोनापेक्षा मोठे, म्हणून पाच दोनापेक्षा मोठे. कुस्तीत किंवा मुष्टियुद्धात मात्र हे चालत नाही. १९७१ साली जो फ्रेझियरने महंमद अलीला हरवले. १९७३ साली जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझियरला दुसऱ्या फेरीतच गारद केले. मग फोरमनपुढे अलीचा पाड काय? पण १९७४ साली आफ्रिकेतल्या किन्शासा शहरात अलीने फोरमनला आठव्या फेरीत लोळवले. मुलांच्या दगड-कागद-कात्रीच्या खेळासारखे हे चक्र आहे. कागद दगडाला झाकतो, कात्री कागद कापते, म्हणून कात्री काही दगड कापत नाही. एकाच काळातल्या तिघांत जर असा गोंधळ, तर पन्नास वर्षांच्या अंतरावरच्या दोघांत साखळी जोडत जाणे किती धोक्याचे, हे सांगायला नको.

आणि काळाचे राहू द्या. तेच दोन पैलवान पुन्हा भेटले तरी निकाल तोच लागेल असे नाही. गामा पैलवानाचे नाव खेड्यापाड्यांतून सर्वांना ठाऊक आहे. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनला गामाची आणि पोलंडच्या झिबिस्कोची कुस्ती झाली. झिबिस्को खाली बसला, गादीला चिकटला, आणि सुमारे अडीच तास झटूनही गामाला त्याला चीत करता आले नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढे १९२८ साली पतियाळाला हेच दोघे पुन्हा भिडले. दोघेही पन्नाशीच्या आसपास आलेले. ह्या वेळी गामाने झिबिस्कोला एका मिनिटाच्या आत आस्मान दाखवले. कुठे अडीच तास आणि कुठे एक मिनिट! माणसे तीच. बदलले काय? वय बदलले हे खरे, पण वय दोघांचेही बदलले होते. मोठा फरक जमिनीचा होता. लंडनला गादी होती. पतियाळाला आपल्या पद्धतीचा मातीचा हौदा होता. ती माती गामाच्या पायाखालची होती, झिबिस्कोच्या नव्हती.

तेव्हा "कोण जिंकला असता?" असे विचारण्यापूर्वी "कुठे, कोणत्या नियमांनी, किती वजनाचे असताना आणि कोणत्या वयात?" हे चार प्रश्न विचारले पाहिजेत. त्यांतले पहिले तीन जरा विस्ताराने पाहू.

पहिला प्रश्न जमिनीचा. आपल्या तालमीतली तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली असते. ती पायाला धरते, घामाने निसटणारी पकड मातीने घट्ट होते, आणि तीत चपळाईपेक्षा दमसास जास्त लागतो. रबरी गादीवर पाय झपाट्याने फिरतो. तिथे पटात शिरून पाय ओढणारा पहिल्या दोन मिनिटांत डाव साधून जातो. म्हणून मातीतला मोठा मल्ल गादीवर अडखळतो आणि गादीवरचा चपळ मल्ल मातीत धापा टाकतो. अर्थात शिकणारा दोन्ही शिकतो. आपल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेतच आता माती विभाग आणि गादी विभाग असे दोन विभाग असतात, आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. डिसेंबर २०१८ मध्ये ही स्पर्धा आपल्या शेजारी जालन्याला झाली. माती विभागातून आलेल्या बाला रफिक शेखने गादी विभागाच्या अभिजित कटकेला हरवून किताब नेला. माती म्हणजे जुनी आणि गादी म्हणजे नवी, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रश्न नियमांचा. पूर्वी मैदानी कुस्ती चीतपट होईपर्यंत चाले. दोन्ही खांदे मातीला लागले की निकाल. नाही लागले तर अंधार पडेपर्यंत झटापट, आणि मग पंचांनी बरोबरीत सोडवायची. महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ साली आपल्याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत झाली आणि दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, ही मराठवाड्याने अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे. पण त्यानंतरच्या काळात काही वर्षी अंतिम कुस्ती निकाली न निघाल्यामुळे किताब कोणालाच मिळाला नाही. आज असे होत नाही. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती, आणि चीतपट झाली नाही तर गुणांवर निकाल. दहा गुणांची आघाडी मिळाली की कुस्ती तिथेच संपते. आता विचार करा, तासभर झुंजण्यासाठी शरीर कमावलेला मल्ल आणि सहा मिनिटांत सगळा जोर ओतायला शिकलेला मल्ल, ह्यांची तयारी एकसारखी कशी असेल? लांब पल्ल्याला धावणारा आणि शंभर मीटर धावणारा ह्यांत "चांगला धावणारा कोण?" असे विचारण्यासारखे ते आहे.

तिसरा प्रश्न वजनाचा. सांगली जिल्ह्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन पद्धतीत सुवर्ण आणि मुक्त पद्धतीत रौप्य पदक मिळवले. त्यांचा गट होता ९७ किलोंच्या वरचा. म्हणजे खालची मर्यादा होती, वरची नव्हतीच. त्याच स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मान्यांनी ९७ किलोंच्या गटात मुक्त पद्धतीत सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले. आज मुक्त पद्धतीच्या सर्वांत वजनदार गटालाही १२५ किलोंची वरची मर्यादा आहे. उलट नरसिंग यादव २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झाला. पण २०१५ च्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक घेतले ते ७४ किलो गटात. त्याला आंदळकरांपुढे उभे करून "बघा, उचलून टाकला असता" असे म्हणणे, हा ना आंदळकरांचा गौरव, ना नरसिंगची परीक्षा.

मग तुलना करायचीच नाही का? करायची, पण जिथे बऱ्याच गोष्टी सारख्या आहेत अशी जोडी आधी शोधायची. अशी एक जोडी आपल्याला सुदैवाने मिळते.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५७ किलो गटात मुक्त पद्धतीच्या कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर बहात्तर वर्षांनी, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, हरियाणाच्या अमन सेहरावतने कांस्यपदक मिळवले. गट कोणता? तोच, ५७ किलो. पद्धत तीच, पदक तेच. आणखी एक योगायोग ऐका. खाशाबा हरले ते जपानच्या शोहाची इशीकडून, आणि इशीने सुवर्ण नेले. अमन उपांत्य फेरीत हरला तो जपानच्या रेई हिगुचीकडून, आणि हिगुचीनेही सुवर्णच नेले.

आता टपरीवरचा माणूस लगेच म्हणेल, "खाशाबा इशीशी शेवटपर्यंत झुंजले, अमन मात्र हिगुचीपुढे अडीच मिनिटेही टिकला नाही, दहा-शून्यने हरला. म्हणजे खाशाबाच भारी!" थांबा. इशी म्हणजे हिगुची नव्हे. शिवाय दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती थांबवायची, हा नियम १९५२ साली नव्हता. तेव्हाची कुस्ती पंधरा मिनिटांची असे आणि निकाल तीन पंचांच्या मताने लागे. दुसरा म्हणेल, "अमनच भारी. आता सगळे जग कुस्ती खेळते, तेव्हा खेळणारे देश थोडे." हेही अर्धेच खरे. तेव्हा आंतरराष्ट्रीय स्पर्धाही थोड्या होत्या, म्हणून शिकण्याच्या संधीही थोड्या होत्या. एकच कारण दोन्ही पारड्यांत पडते.

म्हणून मी म्हणतो, "दोघे भिडले तर काय होईल?" हे बाजूला ठेवा आणि असे विचारा, की प्रत्येकाला काय मिळाले होते, आणि त्यातून तो किती पुढे गेला?

खाशाबांना काय मिळाले होते? वडील पैलवान, गावची तालीम, मातीचा हौदा. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिंपिकला गेले, आणि गादीचा फारसा सराव नसताना सहावे आले. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी राहते घर गहाण टाकावे, ही गोष्ट आम्हा मास्तर मंडळींनी वर्गात दरवर्षी सांगावी अशी आहे. इशीशी पंधरा मिनिटे झुंजल्यावर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढावे लागले, आणि त्यांची बाजू मांडायला जवळ कोणी अधिकारी नव्हता, असे सांगतात. तरीही पदक घेऊनच ते परतले. कराडपासून गावापर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

आणि अमनला सगळे आयतेच मिळाले काय? लहानपणीच आईवडिलांचे छत्र गेले. दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये तो वाढला. तिथे गादी होती, प्रशिक्षक होते, प्रतिस्पर्ध्यांच्या कुस्त्यांचे चित्रण पाहून अभ्यास करण्याची सोय होती. पण नव्या काळाने नवी संकटेही आणली. उपांत्य लढत संपली तेव्हा त्याचे वजन ५७ किलोंच्या बरेच वर गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन द्यायचे. रात्रभर व्यायाम करून, घाम गाळून त्याने साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवले, आणि मग कांस्यपदकाची लढत जिंकली. त्याच ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटला अंतिम लढतीआधी अवघे शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्यामुळे बाद ठरवले गेले, हे आठवले म्हणजे ती रात्र कशी गेली असेल ह्याची कल्पना येते. आबांच्या काळातल्या पैलवानाला खुराकाची चिंता होती. आजच्या पैलवानाला खुराकाबरोबर काट्याचीही चिंता आहे. कष्ट कमी झाले नाहीत, कष्टांची जात बदलली.

शेतकरी बांधवांना हे अधिक फोड करून सांगायची गरज नाही. कोरडवाहू रानात एकाने एकरी सहा पोती ज्वारी काढली आणि शेजारच्या बागायतीत दुसऱ्याने पंधरा काढली, तर आपण पंधरावाल्याला डोळे झाकून मोठा म्हणतो काय? नाही. आपण विचारतो, रान कसले, पाणी किती, बी कोणते, पाऊस कसा होता? आणि त्या शिवारात त्या वर्षी बाकीच्यांना किती झाली? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. शिवारात बाकीच्यांना तीन पोती झाली असताना ज्याने सहा काढली, तो खरा कसबी. मल्लाचेही तसेच आहे. त्याच्याच काळातल्या, त्याच्याच नियमांनी लढणाऱ्या, त्याच्यासारखीच साधने असणाऱ्या मल्लांपेक्षा तो किती पुढे होता, हे माप लावावे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७७ साली बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवले. चाळीसगाव तालुक्यातला विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झाला. ह्या मापाने दोघेही आपापल्या शिवारात डोक्याने उंच दिसतात. एकाची उंची सांगायला दुसऱ्याची मान खाली करावी लागत नाही.

ह्या मापालाही मर्यादा आहे, ती लपवत नाही. ज्या काळात प्रतिस्पर्धीच दुबळे, त्या काळातला पहिला खरोखर केवढा, हे ह्या मापाने पुरते कळत नाही. पण "माझा तो बाब्या" ह्या मापापेक्षा ते कितीतरी बरे. निदान त्याने माहिती काढावी लागते, आणि माहिती काढताना माणूस शिकतो.

शिक्षकमित्रांना एक सांगावेसे वाटते. हा वाद वर्गात जरूर होऊ द्या. मुलांचे दोन गट करा. एकाला खाशाबा द्या, दुसऱ्याला अमन द्या. मात्र एक अट घाला: प्रत्येक गटाने आधी समोरच्या मल्लाच्या बाजूने तीन खरी कारणे सांगायची, मगच आपली बाजू मांडायची. इतिहास, भूगोल, गणित आणि तर्क, चारही विषय एका तासात होतील. आणि आपणही जरा जपू या. "आमच्या वेळची पोरं काय वाचायची! तुम्हाला काय येतंय?" हे वाक्य आपल्या तोंडी सहज येते. आपल्या वेळच्या पोरांना कोणती माती होती आणि ह्यांना कोणती गादी आहे, ह्याचा हिशेब न करता काढलेले ते उद्गार असतात. त्या एका वाक्याने जुन्यांचा मान वाढत नाही. समोरचे पोर मात्र उठून जाते. हे मी अनुभवाने सांगतो आहे.

त्या नातवाची गोष्ट अर्धी राहिली. मी त्याला गाठले आणि म्हणालो, "माझा निवाडा चुकला. मी न तोलताच बोललो." हेच मी टपरीवर आबांसमोरही बोललो. आबा काही बोलले नाहीत. पण दोन दिवसांनी पहाटे ते काठी टेकत नातवाच्या सरावाला जाऊन बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी गादीवरची कुस्ती जवळून पाहिली. संध्याकाळी टपरीवर मी विचारले, "काय आबा, कशी वाटली?"

आबा म्हणाले, "सहा मिनिटं म्हणत होतो मी. पण सर, सहाच्या सहा मिनिटं पोरगं एकदाबी उभं राहिलं नाही हो. आम्ही मधी दम खायचो." मग थोडे थांबून म्हणाले, "ढाक मात्र कच्ची मारतंय. ती मी शिकवीन."

नातू शेजारी बसून चहा पीत होता. तो म्हणाला, "उद्या पाचला निघायचं, आबा. उशीर करू नका."